तळे खुले, घाट बंद : संगणक प्रशिक्षण आणि आमचे दिव्यांग बांधव

शासनाच्या वर्ग तीनच्या नोकरभरतीची जाहिरात हातात घ्या. बहुतेक जाहिरातींत दोन ओळी सापडतील. एक ओळ सांगते, इतकी पदे दिव्यांगांसाठी राखीव. दुसरी ओळ सांगते, उमेदवाराकडे संगणक हाताळणीचे प्रमाणपत्र असावे, नसल्यास ठरलेल्या मुदतीत मिळवावे. पहिली ओळ ऐकून अंध तरुणाच्या घरात दिवाळी होते. दुसरी ओळ ती दिवाळी विझवते. ज्या अभ्यासक्रमातून ते प्रमाणपत्र मिळते तो त्याला वाचताच येत नसेल, तर पहिल्या ओळीतले आरक्षण कागदावरच राहणार. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, ही या व्यवस्थेची जुनीच रीत आहे. पूर्वी हे काम वेशीवर व्हायचे, आता ते संगणकाच्या पडद्यावर होते, एवढाच फरक.

आम्ही संगणकाच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. १९ मार्च २००३ च्या शासन निर्णयाने शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हतेची अट पक्की केली. त्यानंतर जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत संगणक वर्गांच्या पाट्या दिसू लागल्या. ज्यांच्या बापाने आयुष्यात कधी टाइपरायटरला हात लावला नाही, त्यांच्या मुली माउस धरून बसल्या. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्या निधीतून मुलींची फी भरली गेली, मागासवर्गीयांसाठीच्या सेस निधीतूनही आमची पोरे शिकली. हे चांगले झाले. बाबासाहेबांनी ‘शिका’ म्हणून सांगितले, त्या शिकण्यात आजच्या काळात संगणक येतोच. आमचा सवाल वेगळा आहे. या सगळ्या गर्दीत जो मागे राहिला त्याची मोजदाद कोणी केली?

जो मागे राहिला त्यातला एक तरुण आमच्याकडे आला. मंठा तालुक्यातला. आईवडील दरवर्षी उसतोडीला जाणारे. लहानपणीच त्याची दृष्टी गेली. अंधशाळेत राहून ब्रेल शिकला, मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाला. जात प्रमाणपत्र, जात वैधता, दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, सगळी कागदपत्रे एका पिशवीत नीट लावलेली. कोणता कागद कुठे आहे हे त्याला बोटांनी कळत होते. त्याच्याकडे फक्त संगणकाचे प्रमाणपत्र नव्हते. ते मिळवण्यासाठी तो तालुक्याच्या गावी एका संगणक वर्गात गेला होता. वर्ग पहिल्या मजल्यावर. वर्गचालक माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी दिले, खुर्ची दिली आणि म्हणाला, “बाळा, तू उगाच त्रास घेऊ नको. फी भर, परीक्षेला दुसऱ्याला बसवू. तू फक्त सही कर.” यावर हा तरुण म्हणाला, “मग सर, नोकरीतही दुसऱ्यालाच बसवणार का?”

वाचकहो, या एका प्रश्नात सगळा विषय आला. त्या वर्गचालकाला वाटले आपण दया करतो आहोत. वास्तविक तो त्या तरुणाला सांगत होता, तू शिकू शकत नाहीस, म्हणून तुला खोटे प्रमाणपत्र घे. खोट्या प्रमाणपत्रावर नोकरी लागली असती, तर पहिल्याच दिवशी साहेबाने म्हटले असते, बघा, या लोकांना काही येत नाही. आमच्या आरक्षणाबद्दल हेच वाक्य आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. हा टोमणा कसा तयार केला जातो ते नीट समजून घ्या. आधी शिकण्याचे दार बंद करायचे आणि मग न शिकल्याबद्दल हिणवायचे.

आम्ही स्वतः तो अभ्यासक्रम पाहायचे ठरवले. अंध माणूस संगणक कसा वापरतो, हे आमच्या अनेक कार्यकर्त्यांना माहीत नाही, म्हणून सांगतो. संगणकात ‘स्क्रीन रीडर’ नावाचा प्रोग्राम टाकतात. पडद्यावर जे लिहिले असेल ते तो मोठ्याने वाचून दाखवतो. माउस लागत नाही. टॅब, एंटर आणि बाणांची बटणे यांवर सगळे काम चालते. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली तो बनवायला घेतला. विकतचा स्क्रीन रीडर गरिबांच्या आवाक्याबाहेर होता, म्हणून. आज तो मराठीही वाचतो. या साधनाच्या बळावर कित्येक अंध माणसे बँकांत आणि कार्यालयांत स्वतःचे काम स्वतः करीत आहेत. म्हणजे ‘अंधाला संगणक जमत नाही’ ही सबब कधीच मोडीत निघाली आहे.

आम्ही लॅपटॉपवर एनव्हीडीए टाकला आणि तो तरुण व आम्ही शेजारी बसलो. पहिल्याच पानावर एका चित्रातली वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायची होती. चित्र स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. इथे आमचे डोळे उसने द्यावे लागले. आत गेल्यावर यंत्राचा आवाज सांगू लागला, “बटन, बटन, बटन.” कशाचे बटन? पुढचा धडा, मागचा धडा की बाहेर पडा? ज्याने ते पान बनवले त्याने बटनावर बाणाचे चित्र काढले, पण बटनाला नाव दिले नाही. व्हिडिओतले शिक्षक सांगत होते, “आता इथे क्लिक करा, मग इथे.” इथे म्हणजे कुठे? पाहणाऱ्याला बोट दिसते, ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. मराठी टिपणे जुन्या फॉन्टमध्ये होती. ती डोळ्याला मराठी दिसतात, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरे असतात. स्क्रीन रीडरने ती वाचली तेव्हा अर्थहीन अक्षरांचा खडखडाट झाला. सराव चाचणीत शब्द माउसने ओढून चौकटीत टाकायचे होते. की-बोर्डने ते होत नव्हते. वेळ संपली आणि पडद्यावर शून्य गुण आले.

तो तरुण नापास झाला का? नाही. अभ्यासक्रम नापास झाला.

यातली एकही अडचण निसर्गाने निर्माण केलेली नाही. बटनाला नाव देणे, चित्राखाली दोन ओळींचे वर्णन लिहिणे, टिपणे युनिकोडमध्ये देणे, “इथे” ऐवजी “फाइल मेनूतील सेव्ह या बटनावर” असे बोलणे, प्रत्येक काम की-बोर्डने होईल असे पाहणे, यात अवघड काय आहे? कर्णबधिरांसाठी व्हिडिओखाली मजकूर हवा. मंददृष्टीच्या मुलांसाठी अक्षर मोठे करता यावे, रंग ठळक असावेत. ज्याचा हात हळू चालतो त्याच्यासाठी वेळ वाढवून मिळावा. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी एक संगणक तळमजल्यावर हवा. हे अभ्यासक्रम बनवतानाच केले तर खर्च जवळपास काही नाही. घर बांधून झाल्यावर भिंत फोडून दार काढायचे म्हटले तर खर्च येतो, दार आधीच ठेवले तर येत नाही.

आता कायद्याचे बोलू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने नोकरीत ३ टक्के आरक्षण दिले. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला २००७ साली मान्यता दिली. त्यानंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले, आरक्षण ४ टक्के झाले. पण आमच्या लोकांचे लक्ष कलम ३४ वर म्हणजे टक्क्यांवरच थांबते. त्याच्या मागेपुढे पाहा. कलम १७ म्हणते, अभ्यासक्रमात आणि परीक्षेत योग्य ते बदल करा. कलम १९ म्हणते, कौशल्य प्रशिक्षणाच्या मुख्य योजनांतच दिव्यांगांना सामावून घ्या. कलम ४२ म्हणते, ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात हवा. कलम ८९ मध्ये दंडाची तरतूद आहे, पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० हजार ते ५ लाख. कायदा इतका स्पष्ट असूनही तालुक्याच्या गावापर्यंत तो पोहोचला का नाही?

याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात दिले. २०१७ च्या नियमांतला नियम १५ सुगम्यतेची मानके सांगत होता, पण ती मार्गदर्शक सूचनांच्या भाषेत. म्हणजे पाळली तर पाळली. न्यायालयाने म्हटले, मूळ कायदा जे बंधनकारक करतो ते नियमाने ऐच्छिक करता येत नाही. तो नियम कायद्याशी विसंगत ठरवून, किमान मानके सक्तीची करा आणि त्यासाठी तीन महिन्यांत नियम आखा, असा आदेश केंद्र सरकारला दिला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण ॲसिड हल्ल्यात चेहरा होरपळलेल्या महिलांचे आणि एका दृष्टिहीन वकिलाचे होते. बँकेचा संगणक म्हणे, डोळे मिचकावून दाखवा, तरच तुम्ही जिवंत! ज्यांचे डोळे मिचकत नाहीत त्यांनी काय करायचे?

आमच्या वाचकांना यात काही ओळखीचे दिसत नाही का? १९२३ साली मुंबई कायदे मंडळात बोले ठराव झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर चवदार तळे सर्वांचे झाले. प्रत्यक्षात एकाही अस्पृश्याला घाटाची पायरी उतरता आली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्यानंतरही खटला चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. ठराव आणि ओंजळ यांत अंतर होते ते हे. आज संगणक अभ्यासक्रम ‘सर्वांसाठी खुला’ आहे, पण पायऱ्या उतरण्याची सोय नाही. ज्या समाजाने खुले आणि मिळाले यांतला फरक स्वतःच्या घशाने अनुभवला, त्याने दिव्यांगांचा हा प्रश्न परका मानावा काय?

आणि तो परका नाहीच. दलित वस्तीतला दिव्यांग मुलगा दोन भिंतींमध्ये उभा असतो. गावात जात त्याला ओळखते, कार्यालयात जिना त्याला अडवतो. आईवडील ऊसतोडीला गेले की तो आजीजवळ राहतो. पुण्यामुंबईच्या मोठ्या संस्थेपर्यंत जायला त्याच्याकडे ना पैसा ना सोबत. दिव्यांगांचे आरक्षण समांतर आहे, म्हणजे अनुसूचित जातीचा दिव्यांग उमेदवार निवडला गेला तर तो आपल्याच प्रवर्गात मोजला जातो. इंद्रा साहनी निकालाने १९९२ साली हे तत्त्व समजावून सांगितले आहे. त्याची जागा रिकामी राहिली तर नुकसान समाजाचेही आहे. तरीही चळवळीच्या व्यासपीठावर त्याचा विषय येतो कधी? ३ डिसेंबरला एखादा सत्कार, एखादी काठी, एखादी तीनचाकी. संपले.

सरकारही नाव बदलण्यात पटाईत आहे. अपंग म्हणू नका, दिव्यांग म्हणा, असा आग्रह २०१५ च्या अखेरीस सुरू झाला. महाराष्ट्रात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. विभाग झाला याचे स्वागत. पण नावाच्या बाबतीत आम्हाला १९३८ साल आठवते. मुंबईच्या विधानसभेत अस्पृश्यांना ‘हरिजन’ हे नाव देणारी तरतूद आली तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला आणि सभात्याग केला. गोड नाव दिले म्हणून माणसाची स्थिती बदलत नाही. अंगात दिव्यत्व आहे असे सांगून बटनाला नाव न देणे ही कोणती भक्ती?

आक्षेप येतील. पहिला आक्षेप, असे विद्यार्थी असतात तरी किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. त्या वेळी आपल्या संपूर्ण जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. म्हणजे दीड जिल्हा भरेल इतकी माणसे. तीही फक्त नोंदलेली आणि तेव्हा २१ प्रकार मोजलेच जात नव्हते. वर्गात ते दिसत नाहीत, कारण आत येण्याची सोयच नाही.

दुसरा आक्षेप, आम्ही लेखनिक देतो ना! लेखनिकाचा हक्क मोलाचा आहे, तो कोणी काढून घेऊ नये. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा उमेदवाराला दर तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळायला हवीत. पण परीक्षा संगणक हाताळण्याची असेल आणि संगणक लेखनिकच हाताळणार असेल, तर परीक्षा कोणाची झाली? उमेदवाराला स्वतःच्या हाताने करता येईल असा अभ्यासक्रम आधी द्या. त्यानंतरही ज्याला गरज असेल त्याला लेखनिक द्या. पहिले टाळण्यासाठी दुसरे पुढे करू नका.

तिसरा आक्षेप वर्गचालकांचा. भाडे, वीजबिल, अधूनमधून जाणारी वीज, कमी होत चाललेले विद्यार्थी, त्यात हे कुठून करू? हे म्हणणे आम्ही फेटाळत नाही. त्यांच्यात आमच्याच समाजातली, कर्ज काढून चार संगणक घेतलेली मुलेही आहेत. म्हणून जबाबदारीची वाटणी नीट झाली पाहिजे. पडद्यावरचा दोष अभ्यासक्रम बनवणाऱ्याचा, परीक्षेतला दोष परीक्षा घेणाऱ्याचा आणि अट घालून सोय न पाहणाऱ्या शासनाचा दोष सर्वांत मोठा. वर्गचालकाने एक संगणक तळमजल्यावर ठेवावा, त्यावर एनव्हीडीए आणि मराठी आवाज टाकावा, एक हेडफोन ठेवावा आणि आपल्या शिकवणाऱ्या मुलाला माउस बाजूला ठेवून एक दिवस काम करायला लावावे. तो एक दिवस त्याला पुष्कळ शिकवील.

आता आम्ही काय करायचे? जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी, प्रत्येक तालुक्यात कार्यकर्त्यांनी हे करावे. माहिती अधिकारात विचारा की शासकीय निधीतून झालेल्या संगणक प्रशिक्षणात गेल्या पाच वर्षांत किती दिव्यांग शिकले, त्यातले अनुसूचित जातीचे किती आणि किती वर्गांत स्क्रीन रीडर आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून काठ्या-चादरी वाटण्याऐवजी तालुक्याला एक सुगम्य संगणक कक्ष मागा. प्रशिक्षणाचे कंत्राट देताना ‘की-बोर्ड आणि स्क्रीन रीडरवर पूर्ण चालणारा अभ्यासक्रम’ ही अट घाला, असे निवेदन द्या आणि त्या अटीची तपासणी दिव्यांग विद्यार्थ्याकडूनच करून घ्या. ऐकले नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. कलम ८२ प्रमाणे राज्य आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि कलम ८१ प्रमाणे त्यांच्या शिफारशीवर काय केले हे संबंधित प्राधिकरणाला तीन महिन्यांत कळवावे लागते. तक्रार लिहून द्यायला वकील लागत नाही, पण लागला तर आमच्यासारखे आहेत.

आणि एक काम आपल्याच घरातले. आमच्या बुद्धविहारांत, समाजमंदिरांत कोणाच्या तरी देणगीतून आलेले संगणक धूळ खात पडले आहेत. त्यातला एक पुसा. एनव्हीडीए फुकट आहे, त्याला देणगी लागत नाही. वस्तीतल्या अंध मुलाला वंदनेला बोलावता, तसे शिकायलाही बोलावा. विहाराला पायरी असेल तर उतार करा. चळवळीची पत्रके जुन्या फॉन्टमध्ये काढणे थांबवा, युनिकोडमध्ये काढा. जे पत्रक आमचाच अंध बांधव वाचू शकत नाही ते पत्रक कोणत्या समतेचे?

मंठ्याच्या त्या तरुणाचे काय झाले ते सांगतो. आम्ही कलमे लिहून अभ्यासक्रम चालवणाऱ्यांना पत्र दिले. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही, दुसऱ्याला आले. धड्यांचा मजकूर युनिकोडमध्ये मिळाला. वर्गचालकाने एक संगणक खाली झेरॉक्सच्या खोलीत आणून ठेवला. माउसने ओढायच्या प्रश्नांऐवजी दुसरे प्रश्न मिळाले, जादा वेळ मिळाला. “बटन, बटन” अजून पूर्ण थांबलेले नाही. पण परीक्षेला त्याच्या जागी दुसरा कोणी बसला नाही. प्रमाणपत्र मिळाले त्या दिवशी त्याने ते त्या पिशवीत ठेवले आणि कोणत्या कागदामागे ठेवले हे बोटांनी मोजून घेतले. नोकरी अजून लागलेली नाही. अर्ज मात्र तो आता स्वतः भरतो.

एका तरुणासाठी दोन पत्रे आणि एक वकील लागला. जिल्ह्यातल्या बाकीच्यांनी कोणाकडे जायचे? हक्क हा पत्र लिहिणारा भेटला तरच मिळणारा नसावा. महाडला ओंजळ एकट्याने भरली गेली नाही, मागे हजारो उभे होते. या घाटावरही तसेच उभे राहावे लागेल.

जयभीम!